समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच शब्द सुचतो, तेव्हा

प्रश्न : कोणी बोलू लागले की त्याच्या वाक्याचा शेवट मला आधीच दिसू लागतो आणि पुष्कळदा तो मी बोलूनही टाकते. माझा धाकटा भाऊ बोलताना अडखळतो. तो अडला की लहानपणापासून मीच त्याला शब्द पुरवत आले. त्याला मदत होते, अशीच माझी समजूत होती, कारण माझा शब्द सहसा बरोबर निघतो. मध्यंतरी तो मला म्हणाला, ‘ताई, तुला माझं ऐकायचंच नसतं, तुला फक्त बरोबर ठरायचं असतं.’ तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतेच बोलतो. हा उतावळेपणा आहे, वाईट सवय आहे की काही आजार आहे? मनाची ही धाव थांबवता येते का? आणखी एक कोडे आहे. कार्यालयात इंग्रजीत बैठक असली की हीच मी मागे पडते. शब्द सगळे ओळखीचे असतात, तरी वाक्य संपल्यावर कुठे अर्थ लागतो, आणि तोवर पुढचे वाक्य सुरू झालेले असते. असे का होते?

– एक वाचक (नाव प्रसिद्ध न करण्याची विनंती)

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आधी तुमच्या सरळ प्रश्नाचे सरळ उत्तर देतो. हा आजार नाही, आणि शब्द आधी सुचणे हा उतावळेपणाही नाही. बोलणे ऐकताना पुढे काय येणार याची तयारी मन सतत करत असते. ती सगळ्यांच्याच मनात चालते आणि ठरवून बंद करता येत नाही. ती बंद झाली, तर समोरच्याचे बोलणे तुम्हाला आजच्याइतक्या सहजपणे समजणार नाही. मात्र शब्द मनात तयार होणे आणि तो तोंडातून बाहेर पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या भावाची तक्रार दुसरीबद्दल आहे आणि माझ्या मते ती पूर्णपणे रास्त आहे. ती रास्त का आहे हे समजण्यासाठी पहिली गोष्ट नीट पाहावी लागेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, हे जगातील 10 भाषांमध्ये मोजले गेले आहे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात भाषेभाषेत थोडाफार फरक आढळला, पण सरासरी अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास, म्हणजे साधारण 200 मिलिसेकंद निघाले. आता हे पाहा, की समोर एखादे चित्र ठेवून त्यातील वस्तूचे नाव सांगायला सांगितले, तर तो एक शब्द उच्चारायला सुरुवात करेपर्यंतच माणसाला जवळपास 600 मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरच्याचे वाक्य पुरते संपल्यावर जर आपण उत्तराची जुळवाजुळव सुरू केली असती, तर प्रत्येक वाक्यानंतर चांगलीच जाणवेल अशी पोकळी राहिली असती. ती राहत नाही, कारण वाक्य कुठे आणि कसे संपणार याचा अदमास ऐकणाऱ्याला आधीच आलेला असतो आणि त्याचे उत्तर आतल्या आत आकार घेऊ लागलेले असते.

हा अदमास ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पकडता येतो. गेरी ऑल्टमन आणि युकी कामिदे यांनी 1999 साली एक साधा पण फार बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. ऐकणाऱ्यासमोर एक चित्र असे, त्यात एक मुलगा, एक केक आणि काही खेळणी. मुलगा केक खाईल, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य ऐकवले जाई. इंग्रजीत क्रियापद कर्माच्या आधी येते, त्यामुळे ‘खाईल’ हा शब्द आधी आणि ‘केक’ नंतर, असा क्रम असे. ‘खाईल’ ऐकताच, ‘केक’ हा शब्द उच्चारला जाण्याआधीच, लोकांची नजर केककडे वळू लागे, कारण चित्रात खाण्याजोगी तेवढी एकच वस्तू होती. क्रियापद ‘हलवेल’ असे असले तर नजरेची अशी धाव दिसत नसे, कारण हलवण्याजोग्या वस्तू अनेक होत्या.

मग ज्या भाषांत क्रियापद शेवटी येते, त्यांचे काय, असा प्रश्न मराठी वाचकाला पडायलाच हवा. जपानी अशीच भाषा आहे, आणि कामिदे, ऑल्टमन व त्यांच्या सहकारी हेवूड यांनी 2003 साली दाखवले की तेथे विभक्तीचे प्रत्ययच हे काम करतात. ‘अमक्याने’ आणि ‘तमक्याला’ एवढे कानावर पडल्यावर, क्रियापदाचा पत्ता नसतानाच, दिली-घेतली जाऊ शकेल अशा वस्तूकडे ऐकणाऱ्यांची नजर जाते.

आपल्या मराठीतही प्रत्ययांत अशा खुणा ठासून भरलेल्या आहेत, आणि रोजच्या वापरामुळे आपल्याला त्यांची जाणीवही होत नाही. ‘त्याने पत्र…’ एवढेच म्हणून थांबा. मन ‘लिहिले’, ‘वाचले’, ‘फाडले’ अशा भूतकाळी क्रियापदांकडे झुकते, फार तर ‘लिहावे’कडे. ‘त्याला पत्र…’ म्हटले की ‘मिळाले’, ‘आले’, ‘दाखवले’ पुढे सरकतात. ‘तो पत्र…’ म्हटले की ‘लिहितो’, ‘लिहील’, ‘वाचतोय’. पत्र तेच असले, तरी आधीच्या एका प्रत्ययाने पुढची वाट वळवलेली असते. विशेषणाचे लिंगही असेच काम करते. ‘टेबलावर एक निळी…’ ऐकताच वही, पिशवी, छत्री मनात पुढे येतात, तर डबा आणि पुस्तक मागे पडतात. काही नामे तर पुढच्या क्रियापदाला जणू बांधूनच आणतात. ‘हातभार’ आला की ‘लावणे’ येणार, ‘माघार’ आली की ‘घेणे’ येणार. नाम आणि क्रियापद यांच्या अशा जोड्यांवर हिंदीत प्रयोग झाले आहेत, आणि क्रियापदाची अपेक्षा इतकी पक्की असेल तर मध्ये बरेच शब्द घातले तरी वाचकाला तेथे पोहोचताना अडचण होत नाही, असे त्यांत दिसले. तुम्हाला वाक्याचा शेवट आधीच दिसतो असे तुम्ही लिहिता, तो याच खुणांमुळे, आणि अर्थात बोलणारी व्यक्ती, विषय व प्रसंग तुमच्या परिचयाचे असल्यामुळे.

तुमच्या दुसऱ्या कोड्याचे उत्तरही येथेच आहे, म्हणून ते आताच घेतो. परक्या भाषेतले शब्द कळणे वेगळे आणि त्या भाषेतल्या खुणांवरून पुढचे हेरणे वेगळे. स्पॅनिश ही मातृभाषा असलेली तीन वर्षांच्या आसपासची मुलेसुद्धा नामाआधीच्या उपपदाचे, म्हणजे ‘एल’ किंवा ‘ला’ अशा छोट्या शब्दाचे, लिंग ऐकून योग्य चित्राकडे लवकर पाहतात, असे 2007 च्या एका अभ्यासात आढळले. मोठेपणी स्पॅनिश शिकलेल्यांना मात्र व्याकरणाचा तो नियम माहीत असूनही त्याचा असा झटपट उपयोग करणे जड जाते. नियम ठाऊक असतो, पण ऐकण्याच्या वेगात तो हाताशी येत नाही. तुम्ही इंग्रजीत प्रत्येक शब्द आल्यावर त्याची ओळख पटवता, मराठीत तो येण्यापूर्वी त्याच्या स्वागताला उभ्या असता. मधल्या थोड्याथोडक्या उशिरांची बेरीज वाक्याच्या अखेरीस तुमच्या वाट्याला येते.

यात तुमच्या बुद्धीचा काही दोष नाही, आणि हे सुधारते. बैठकीचा विषय आणि त्यासंबंधीचे कागद आदल्या दिवशी त्याच भाषेत वाचून जावे, म्हणजे कोणते शब्द येण्याची शक्यता आहे हे मनाला आधीच ठाऊक असते. नवे शब्द सुटे पाठ करण्यापेक्षा त्यांच्या नेहमीच्या सोबत्यांसह, अख्खा वाक्प्रयोग म्हणून आत्मसात करावेत. आणि भरपूर वाचावे. वाचनाचा संबंध मला विशेष महत्त्वाचा वाटतो. रमेश मिश्रा, फाल्क हुटिग आणि सहकाऱ्यांनी 2012 साली हिंदी भाषकांवर केलेल्या अभ्यासात, चांगले वाचता येणारे लोक विशेषणाच्या रूपावरून पुढच्या नामाचा वेध घेताना दिसले, तर अल्पसाक्षर लोकांची नजर प्रत्यक्ष नाम उच्चारले गेल्यावरच त्या वस्तूकडे गेली. दोन्ही गटांची भाषा हिंदीच होती. वाचनाच्या सरावाने शब्दांच्या जोडण्या घट्ट होतात, असा त्यातून निघणारा अर्थ मला पटतो.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. मनात जे आधी उमटते, ते नेमके काय असते? तुम्ही लिहिता, ‘माझा शब्द सहसा बरोबर निघतो.’ येथे मला तुम्हाला थोडे थांबवायचे आहे.

वाक्यातला एक शब्द गाळून तो लोकांना भरायला सांगायचा, आणि किती जणांनी एकच शब्द भरला हे मोजायचे, अशी पद्धत विल्सन टेलर यांनी 1953 साली मांडली. पुढे 1980 साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी वाचकांच्या मेंदूतील विद्युत लहरी नोंदवताना पाहिले की वाक्यात न शोभणारा शब्द समोर आला की सुमारे 400 मिलिसेकंदांनी एक ठरावीक लहर उसळते. ‘दार उघडण्यासाठी त्याने खिशातून ढग काढला’ असे वाचले तर ‘ढग’ या शब्दावर ती उसळेल, ‘किल्ली’वर जवळजवळ उमटणार नाही. त्यांनीच 1984 साली दाखवले की शब्द विसंगत असण्याची गरज नाही. अर्थाच्या दृष्टीने ठीक पण कमी अपेक्षित असलेल्या शब्दावरही ही लहर येते, आणि अपेक्षा जितकी कमी तितकी ती मोठी. म्हणजे अपेक्षा ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी नसते, तिला कमीजास्त प्रमाण असते.

त्यापुढचा धागा तुमच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. कारा फेडरमायर आणि कुटास यांच्या 1999 च्या प्रयोगात, उष्ण प्रदेशातल्या विश्रामस्थळासारखे दिसावे म्हणून हॉटेलच्या वाटेवर ओळीने कोणती झाडे लावली, अशा आशयाचे वाक्य होते. अपेक्षित शब्द ताडाच्या झाडांचा. त्याऐवजी पाइनची झाडे आली काय किंवा ट्यूलिपची फुले आली काय, दोन्ही तितकीच अनपेक्षित. तरीही पाइनवर लहर लहान आली आणि ट्यूलिपवर मोठी, कारण पाइन निदान झाड तरी आहे. याचा अर्थ, मनाने एक शब्द निवडून ठेवलेला नव्हता. उंच, ओळीने लावता येणारे झाड, असा अर्थाचा एक पट्टा जागा झालेला होता आणि त्या पट्ट्याच्या जवळचे सगळेच शब्द थोडे थोडे उजळले होते.

नेमका शब्दच, त्याच्या ध्वनिरूपासह, आधी तयार होतो का, यावर अभ्यासकांत मोठा वाद आहे. इंग्रजीत पुढचे नाम स्वराने सुरू होते की व्यंजनाने, यावरून आधीचे उपपद ‘अ’ की ‘ॲन’ हे ठरते. 2005 साली एका गाजलेल्या अभ्यासात, अपेक्षित नामाशी न जुळणारे उपपद येताच, नाम येण्याआधीच, मेंदूत फरक दिसल्याचे सांगितले गेले. 2018 साली 9 प्रयोगशाळांनी मिळून 334 जणांवर तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा नामावरचा परिणाम स्पष्ट मिळाला, पण उपपदावरचा तसा मिळाला नाही. माझे मत विचाराल तर, अर्थाची तयारी होते हे पक्के धरावे, आणि नेमक्या शब्दाबद्दल मनाने केलेल्या दाव्याकडे सावधपणे पाहावे.

तरीही तुम्हाला वाटते की आपण बहुतेक वेळा बरोबर असतो. तसे वाटणे स्वाभाविक आहे, कारण जवळपासचा शब्द आला तरी मन तो आपलाच म्हणून स्वीकारते. रिचर्ड वॉरन यांनी 1970 साली एका वाक्यातला एक ध्वनी पूर्ण काढून तेथे खोकल्याचा आवाज घातला. ऐकणाऱ्यांना ध्वनी गळाल्याचे जाणवलेच नाही. मनाने तो स्वतःच भरला होता, आणि भरलेला भाग खऱ्या ऐकण्याइतकाच खरा वाटत होता. म्हणून ‘मला वाटले तेच तो म्हणाला’ ही आठवण भरवशाची नसते. आणि तुमच्या भावाच्या बाबतीत तर ती आणखीच कच्ची आहे.

तुमचा भाऊ अडतो, तेव्हा त्याला शब्द आठवत नसतो असे नाही. अडखळत बोलणाऱ्यांना काय म्हणायचे ते सहसा नेमके ठाऊक असते. अडते ते उच्चारताना. तुम्ही पुरवलेला शब्द म्हणजे त्याच्याकडे असलेल्याच वस्तूची दुसरी, आणि बहुधा किंचित वेगळी, प्रत. अशा वेळी त्याच्यापुढे दोनच मार्ग राहतात. ‘तसे नाही’ म्हणून पुन्हा पहिल्यापासून झगडायचे, किंवा ‘हो, तेच’ म्हणून सुटायचे. अडखळणारी कित्येक माणसे दुसरा मार्ग पत्करल्याचे सांगतात. तुमच्या हिशेबात ‘बरोबर’ म्हणून जमा झालेल्या किती प्रसंगी त्याने केवळ सुटका करून घेतली असेल, याचा विचार करा. कठीण जाणारा शब्द टाळण्यासाठी पुष्कळ जण ऐनवेळी वाक्यच फिरवतात, त्यामुळे तुम्ही ज्या वाटेवर पुढे धावला आहात ती त्याने मध्येच सोडलेलीही असू शकते.

त्यात मराठी वाक्याची घडण अशी, की सर्वांत महत्त्वाचे शेवटी येते. ‘मला तुझ्याबरोबर यायचं…’ येथपर्यंत आल्यावर पुढे ‘आहे’ येईल, ‘नाही’ येईल किंवा ‘होतं’ येईल. पहिल्यात इच्छा आहे, दुसऱ्यात नकार आहे, तिसऱ्यात मनात राहून गेलेली एखादी खंत असू शकते. ‘तू म्हणालीस ते मला पटलं…’ याचेही तेच. आधीचे सगळे शब्द विषय सांगतात, माणसाचे त्याबद्दलचे मत मात्र अखेरच्या एक-दोन शब्दांत असते. नेमके तेच शब्द तुम्ही पुरवता, तेव्हा विषय त्याचा राहतो आणि मत तुमचे होते. तो ‘तुला बरोबर ठरायचं असतं’ असे म्हणाला, त्यामागे मला हे दिसते.

तुम्हाला धीर देणारी एक गोष्ट सांगतो. मनातला अंदाज गप्प ठेवण्याची किंमत फारच थोडी असते. फेडरमायर यांच्याच 2007 च्या अभ्यासात असे दिसले, की ठाम अपेक्षा असताना अनपेक्षित पण समर्पक शब्द आला, तरी ती 400 मिलिसेकंदांवरची लहर अपेक्षा ढिली असतानाच्या तुलनेत अधिक मोठी होत नाही. चुकलेल्या अपेक्षेचा परिणाम त्यानंतर थोड्या वेळाने, डोक्याच्या पुढच्या भागात उमटणाऱ्या एका वेगळ्या लहरीत दिसतो. अंदाज बाजूला सारून नवे स्वीकारण्याचे हे काम मन दिवसभर, न कुरकुरता करत असते. तेव्हा शब्द सुचला म्हणून स्वतःवर रागावू नका आणि तो दाबण्याचा प्रयत्नही करू नका, कारण त्या प्रयत्नात लक्ष स्वतःकडेच जाईल. तो मनात राहू द्या आणि भाऊ काय म्हणतो हे ऐकण्यासाठी त्याचा उपयोग करा. त्याचा शब्द तुमच्यापेक्षा वेगळा निघाला, की तो तसा का निघाला याचे कुतूहल वाटू द्या. याच क्षणी आपल्याला माणसाबद्दल नवे काही कळते. अपेक्षेप्रमाणेच आलेला शब्द सहसा फारसे नवे सांगत नाही.

प्रत्यक्ष बोलताना त्याच्याकडे नेहमीच्याच नजरेने पाहत राहा. ‘सावकाश बोल’, ‘शांत हो’ अशा सूचना करू नका. त्या मायेपोटी दिल्या तरी तो कसा बोलतो आहे याकडेच लक्ष वेधतात. त्याचे वाक्य संपल्यावरही क्षणभर थांबून मग बोला, म्हणजे त्याला घाईने संपवण्याचा ताण येणार नाही. पहिल्या काही वेळा ही शांतता तुम्हाला लांब वाटेल, कारण 200 मिलिसेकंदांच्या लयीची सवय झालेल्या कानाला दोन-तीन सेकंदही फार वाटतात. आणि सवयीने एखादा शब्द निसटलाच, तर लांबलचक क्षमायाचना करू नका. तिच्यामुळे त्याचे वाक्य आणखी लांबणीवर पडेल. ‘तू बोल’ एवढे पुरे.

मात्र या सगळ्याआधी त्याच्याशी एकदा मोकळेपणे बोला. अडखळणाऱ्या प्रत्येकाची इच्छा एकसारखी नसते. काहींना दूरध्वनीवर किंवा अनोळखी माणसांसमोर खूप अडल्यावर मदत हवी असते, काहींना कधीच नको असते. तुमच्या भावाला काय हवे, हे लहानपणापासूनच्या सहवासावरून आपल्याला ठाऊक आहे असे तुम्हाला वाटत असेल, पण तोही एक अंदाजच आहे. त्याला विचारा, की मी शब्द पुरवावा असे तुला कधी वाटते का, आणि वाटले तर ते मला कसे कळावे. एखादी खूण ठरवायची असेल तर ती त्याने ठरवावी. हे विचारताना तो अडेल, कदाचित नेहमीपेक्षा जास्तच अडेल, कारण विषय त्याच्या जिव्हाळ्याचा आहे. त्यामुळे घाईची वेळ टाळून हे बोलणे करा, आणि त्याचे उत्तर तुमच्या अपेक्षेपेक्षा वेगळे आले तर तेच धरून चाला.